पेपरबुक, पान एकशे बारा

पानाला पस्तीस रुपये मिळायचे मला.
सीपीआरसमोरच्या गल्लीत, मुल्लाणीच्या झेरॉक्सवरच्या माळ्यावर
मी जबाब इंग्रजीत करायचो:
विळ्याचे, बांधाचे, दारूच्या बाटलीचे.
साक्षीदार रडला की 'रडतो' असं कंसात टाकायचो,
हुंदक्याचे वेगळे पैसे नव्हते.

सरकार विरुद्ध बायाक्का दत्तू मगदूम.
भोगावतीकाठचं गुऱ्हाळघर, रात्रीचा आधण,
काहिलीत रस तांबूस होऊन फुटायला लागलेला.
दीर आण्णाप्पा पिऊन आला आणि काठावरून वाकून
फेसात काठी घालू लागला.
ढकललं की निसटला,
ते चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं.
साक्षीदार नंबर चार, गुळव्या गुंडू लोहार, म्हणाला,
'मी चिमणीकडं होतो. दिसलं न्हाई. ऐकलं.
बायाक्का वरडली,
मुडदा बशिवला तुझा, सर की मागं.'

मी थांबलो नाही या वाक्यापाशी.
सहाला पार्सल मुंबईला जायचं होतं,
खाली मुल्लाणी शटर ओढत होता.
'मुडदा'ला शब्द होता, 'तुझा'ला होता.
'बशिवला'ला सापडेना, म्हणून 'पाडीन' केलं.
भूतकाळाचा भविष्यकाळ झाला.
वाक्याला कर्ता नव्हता,
तिथं बायाक्काला उभं केलं.
'सर की मागं' तसंच ठेवलं,
पण धमकीच्या मागून आलं की तेही धमकीच वाटतं.

जन्मठेप आधीच झाली होती, ती माझ्यामुळं नाही.
हे मी बऱ्याचदा मोजून पाहिलंय.
पण जामिनाचा अर्ज मुंबईत फेटाळला
तो पान एकशे बारा वाचून.
ऑर्डर चार ओळींची.
त्यातली दीड ओळ माझी.

कळंब्यात तिचे आणखी चार गळीत हंगाम गेले.

मग बेंच इथंच बसायला लागलं,
अपिलं घाट चढून घरी आली.
न्यायमूर्ती म्हणाले म्हणे, मूळ मराठी काढा.
वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
'वकीलसाहेब, माझी आत्या हे मला रोज म्हणायची
आणि वर भाकरी वाढायची.'
कोर्टात हसू पिकलं. निंबाळकरबाई सांगत होत्या,
सरकारी वकीलसुद्धा हसले.
मी चहाच्या गाड्यावर उभा होतो, मीही हसलो.

निकालाचा परिच्छेद तेवीस:
ही शिवी आहे, हेतू नव्हे.
पुढचे शब्द तर सावध करणारे आहेत.
भाषांतर मुळाला धरून नाही.
माझं नाव नाही कुठं.
तीनदा शोधलं. मग एकदा खालून वर.

सुटायच्या दिवशी कळंब्याला गेलो,
तिकडं काम आहे असं घरी सांगून.
दुपारी अडीचला ती आली बाहेर, हातात तांदळाची रिकामी पिशवी,
त्यात काय होतं कोण जाणे.
न्यायला कोणी नव्हतं.
ती माझ्याकडंच आली नीट चालत.
'रंकाळा स्टँडला किती घेणार?'

बोलायचं म्हणून रात्रभर जुळवून ठेवलेलं होतं माझ्याकडं.
मी म्हणालो, साठ.
आणि कोपऱ्यावर पळत जाऊन खरा रिक्षावाला आणला,
पुढं त्याच्याशेजारी अंग चोरून बसलो.

संभाजीनगरच्या उतारावर
एक पोरगं चेंडूमागं सरळ चाकाखालीच आलं.
रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.
मागं बायाक्काचं तोंड उघडलं,
'मु...' एवढं आलं बाहेर,
आणि तिनं पदर तोंडावर दाबून धरला.

पोरगं आपलं आपण बाजूला झालं.